३८६ मध्ये दुसरा फ्लॉपी ड्राइव्ह लावला आणि लाइट विझतच नाही

भाऊ, आधी तुमचा प्रश्न थोडक्यात मांडतो म्हणजे बाकीच्यांनाही संदर्भ लागेल. वडशाजवळच्या गावात वडिलांचं टायपिंगचं दुकान होतं, तिथला ३८६, म्हणजे जुना कॉम्प्युटर, अजून सुरू होतो. त्यात मराठी टाइप करायचं जिस्ट कार्ड आहे, झाडीपट्टीच्या नाटकांच्या संहिता वडील त्यावर टाइप करून द्यायचे आणि त्या सगळ्या ५.२५ इंची फ्लॉप्यांमध्ये पडून आहेत. जुना ड्राइव्ह वाचत नाही म्हणून तुम्ही नागपूरला सीताबर्डीतून भंगारातला ३.५ इंची १.४४ एमबीचा ड्राइव्ह आणला, त्याच्या जागी लावला, आणि आता मशीन सुरू केल्यापासून त्याची लाइट विझतच नाही, वाचत काहीच नाही, वरून मशीन बंद केली की तारीख आणि सगळी सेटिंग उडून जाते. तुम्ही विचारलं, ड्राइव्ह खराब निघाला का आणि दुसरा आणू का.

आणू नका. लाइट सतत सुरू म्हणजे शंभरातल्या नव्वद वेळा केबल उलटी लागलेली असते. ड्राइव्ह चांगला असू शकते, बहुतेक आहेच.

हे काहून होते ते समजून घ्या, कारण पुढचं सगळं यावरच आहे. फ्लॉपीची केबल ३४ पिनांची, शुगार्ट कंपनीनं १९७६ मध्ये पहिला ५.२५ इंची ड्राइव्ह काढला तेव्हाची पद्धत थोडीफार बदलून अजून चालून राहिली. त्यात १, ३, ५ अशा विषम नंबरच्या पिना ग्राउंड, आणि २, ४, ६ अशा सम नंबरवर सिग्नल. सिग्नलचं असं आहे की ते खाली ओढले, म्हणजे ग्राउंडला लागले, की 'चालू' समजायचं. आता कनेक्टर उलटा बसला की दोन ओळींची अदलाबदल होते, ड्राइव्हच्या सगळ्या सिग्नल पिना जाऊन कंट्रोलरच्या, म्हणजे मशीनमधल्या फ्लॉपी चालवणाऱ्या कार्डाच्या, ग्राउंडवर बसतात. ड्राइव्हला वाटते की आपल्याला निवडलंय, मोटर फिरवायचा हुकूम आलाय, म्हणून लाइट लागते आणि मोटर फिरत राहते, आणि कंट्रोलरला बिचाऱ्याला काहीच उत्तर येत नाही.

यातला एक सिग्नल २४ नंबरचा, राइट गेट, म्हणजे फ्लॉपीवर लिहायचा हुकूम. तोही ग्राउंडला लागलेला असते! म्हणजे अशा अवस्थेत, लाइट सुरूच असताना, राइट प्रोटेक्ट न केलेली (लिहिणं बंद न केलेली) फ्लॉपी टाकली तर जिथं हेड उभं आहे तो ट्रॅक, म्हणजे फ्लॉपीवरची ती गोल पट्टी, पुसला जाऊ शकते, आणि हेड बरेचदा शून्य ट्रॅकवर उभं असते, जिथं त्या फ्लॉपीची अनुक्रमणिका असते. तुमच्या नाटकांच्या फ्लॉप्या मोठ्या, त्या या छोट्या ड्राइव्हमध्ये जाऊच शकत नाहीत, म्हणून सुखरूप राहिल्या. पण जुना ड्राइव्ह परत लावाल तेव्हा हे ध्यानात राहू द्या, लाइट विझत नसेल तर त्या ड्राइव्हमध्ये काहीच टाकायचं नाही, "एकदा टाकून तर पाहू" हेही नाही. केबल उलटी राहिल्यानं ड्राइव्ह मात्र सहसा जळत नाही, त्याची काळजी नको.

आता सरळ कशी लावायची. केबलच्या एका कडेला लाल तार असते ती १ नंबर. कार्डावर कनेक्टरच्या कोपऱ्याशी १ किंवा २ छापलेलं असते, दुसऱ्या टोकाला ३३ किंवा ३४. ड्राइव्हच्या बाजूला खरी पंचाईत, भंगारातल्या ड्राइव्हला कधी खाच नसते, कधी काहीच छापलेलं नसते. बरेच जण सांगतील की लाल तार पॉवरच्या कनेक्टरकडं ठेवा. बहुतेक ३.५ च्या ड्राइव्हला ते खरं आहे पण सगळ्यांना नाही, आणि आडाखा चुकला की परत तिथंच येता. त्यापेक्षा मल्टिमीटर घ्या, बीप मोडवर ठेवा, मशीन बंद, ड्राइव्हची पॉवर आणि केबल दोन्ही काढलेली. मीटरची एक वायर ड्राइव्हच्या पॉवर कनेक्टरच्या मधल्या पिनेला लावा, मधल्या दोन्ही ग्राउंड असतात, आणि दुसरी ३४ पिनांवरून एकेक करत फिरवा. ज्या ओळीतल्या बहुतेक पिना बीप देतील ती विषम ओळ. आता केबलच्या कनेक्टरवर छोटा त्रिकोण कोरलेला दिसेल, तो १ नंबरच्या पिनेवर असते, तो त्रिकोण बीपवाल्या ओळीकडं आला की केबल सरळ. उलटी केली तर ओळच बदलते, म्हणून यात अंदाजाला जागाच नाही. दोन मिनिटांचं काम आहे पण लोक करत नाहीत.

केबलमध्ये मधेच तारांचा एक गठ्ठा पिळलेला दिसेल, १० ते १६ नंबरच्या ७ तारा. तो पीळ बिघाड नाही, मुद्दाम दिलेला आहे, कोणी सरळ करायला जाऊ नका (ट्रक तोलायच्या एका धरमकाट्याच्या मशीनवर ऑपरेटरनं ब्लेडनं सोडवून सरळ केलेला मी पाहिला आहे, बाप्पा!). पीसीच्या दुनियेत सगळे फ्लॉपी ड्राइव्ह एकाच नंबरवर सेट केलेले असतात, आणि ए कोणता बी कोणता हे तो पीळ ठरवतो. पिळाच्या पुढच्या, शेवटच्या कनेक्टरवर लागला तो ए, पिळाच्या आधीच्या कनेक्टरवर लागला तो बी. जंपरला (पिनांवर बसवायची छोटी टोपी, तिनं सेटिंग ठरते) हात लावायचं काम नाही. जुन्या ५.२५ च्या ड्राइव्हवर डीएस (ड्राइव्ह सिलेक्ट, म्हणजे ड्राइव्हचा नंबर) शून्य ते डीएस तीन असे जंपर दिसतील, त्यात डीएस एकवर असेल, आणि काही कंपन्या एकपासून मोजतात म्हणून त्यांच्यात डीएस दोनवर दिसेल, गोष्ट एकच. तुमचा जुना ड्राइव्ह त्याच मशीनमध्ये ए म्हणून चालायचा, म्हणजे त्याचा जंपर बरोबरच आहे, तो बी म्हणून लावला तरी तोच जंपर चालेल.

आणि तुम्ही बी म्हणून तो लावाच, हे माझं खरं सांगणं आहे. ३.५ चा ड्राइव्ह जुन्याच्या जागी नको, जुन्याच्या सोबत पाहिजे. तुमच्या संहिता ५.२५ मध्ये आहेत, त्या वाचायला ५.२५ चाच लागेल, त्याला पर्याय नाही. आणि वाचल्यावर त्या आजच्या लॅपटॉपवर न्यायला ३.५ चा कामी येईल, कारण यूएसबीचे बाहेरून लावायचे फ्लॉपी ड्राइव्ह मिळतात ते फक्त ३.५ चे असतात, ५.२५ चा यूएसबीवाला ड्राइव्ह बाजारात मिळतच नाही. एकानं वाचायचं, दुसऱ्यानं बाहेर काढायचं. ३.५ वाला ए ठेवा म्हणजे बूटही त्यावरून करता येईल, ५.२५ वाला बी.

त्यासाठी केबल दोन्ही जातींच्या कनेक्टरची लागेल. ५.२५ च्या ड्राइव्हला मागं पट्टीसारखी सर्किटची कड असते त्यावर चढवायचा रुंद कनेक्टर, आणि ३.५ ला पिनांवर बसणारा. पाच कनेक्टरची केबल यायची, एक कार्डाला आणि ए, बी साठी दोन्ही जातीचे एकेक, ती कोणत्याही जुन्या रिपेअरिंगवाल्याच्या खोक्यात सापडते. ५.२५ च्या कडेला ४ आणि ६ नंबरच्या मधे एक खाच असते, ती खाच ज्या टोकाला त्या टोकाला लाल तार. स्वस्त केबलमध्ये खाचेत बसणारी प्लास्टिकची पट्टी नसते, मग तो कनेक्टरही उलटा चढतो, म्हणून पाहूनच लावा.

जुन्या ५.२५ वर टर्मिनेटर असते, एक छोटा काढता येणारा रेझिस्टरचा पॅक, बहुतेक १५० ओहमचा. नियम असा की केबलच्या शेवटच्या ड्राइव्हलाच तो पाहिजे. तुमचा आता मधे येणार, तर नियमानं काढायला पाहिजे, पण ३.५ वाल्यांमध्ये आतले रेझिस्टर हलके असतात, तेव्हा आहे तसा राहू दिला तरी चालून जाते. दोन्ही लावल्यावर एखादा रुसला तरच काढून पाहा, आणि काढला तर त्याच ड्राइव्हला टेपनं चिकटवून ठेवा, परत शोधायला लागेल तेव्हा सापडला पाहिजे.

पॉवरचं. जुन्या एटी पॉवर सप्लायला सगळे मोठे कनेक्टर असतात, ३.५ ला छोटा चार पिनांचा लागते. मोठ्यातून छोटा काढायची वायर मिळते. लाल ५ व्होल्ट, पिवळी १२ व्होल्ट, मधल्या दोन काळ्या. हा छोटा कनेक्टर ढिला असते आणि एक पिन सोडून किंवा उलटा बसवता येते, तसं झालं आणि ५ च्या जागी १२ गेले तर मात्र ड्राइव्ह गेलाच, केबल उलटी लागण्यासारखी इथं माफी नाही. म्हणून टॉर्च मारून चारही पिना आत गेल्या हे पाहा, मगच बटन दाबा. स्क्रूचं पण सांगतो, फ्लॉपी ड्राइव्हचे स्क्रू बारीक आट्याचे, एम३ चे असतात, हार्डडिस्कचे जाड आट्याचे. जोर लावून हार्डडिस्कवाला घुसवला की आटे गेले. आणि लांब स्क्रू नको, आतल्या यंत्राला टेकते. ५.२५ च्या मोठ्या खणात ३.५ बसवायला पत्र्याची ब्रॅकेट मिळते, नाही मिळाली तर वेल्डिंगवाल्याकडून पत्र्याच्या दोन पट्ट्या वाकवून घ्या.

आता सेटिंग उडते त्याचं. बोर्डावर निळी किंवा हिरवी, गोल नळीसारखी ३.६ व्होल्टची बॅटरी असेल, निकेल-कॅडमियमची. ती मेलेली आहे, आणि मेलेली असणं ही चांगली बातमी, फुटून वाहिली असेल ती वाईट बातमी. उघडून पाहा, बाजूला हिरवट-पांढरं पीठ धरलं असेल तर आजच कापून काढा, उद्यावर ढकलू नका, ते पाणी बोर्डाच्या बारीक रेषा खात जाते आणि बरेचदा कीबोर्डचा सॉकेट बाजूलाच असते, आधी कीबोर्ड बंद पडते आणि मग लोक म्हणतात बोर्ड गेला. ते क्षारासारखं असते म्हणून पांढरं व्हिनेगर किंवा लिंबाचा रस जुन्या टूथब्रशनं हलकं लावा, मग डिस्टिल्ड पाण्यानं आणि शेवटी आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसा, पूर्ण वाळू द्या. हे अल्कोहोल मोबाइल रिपेअरिंगवाल्याकडं मिळते, आयपीए म्हणून मागा. नवीन बॅटरी बोर्डावर सोल्डर करूच नका. बहुतेक ३८६ बोर्डावर बाहेरची बॅटरी लावायला चार पिना असतात, तिथं तीन पेन्सिल सेलचा होल्डर वायरनं लावून दूर कॅबिनेटला चिकटवा, मधे एक डायोड टाका म्हणजे बोर्ड त्या सेलला चार्ज करायला जाणार नाही, आणि बाजूचा जंपर 'बाहेरची' कडं करा. सेल पुढं कधी फुटले तरी बोर्डापासून दूर राहतात.

बॅटरी झाली की सेटअपमध्ये जाऊन ए ला १.४४ एमबी ३.५ इंच, बी ला १.२ एमबी ५.२५ इंच टाका. इथं एक पाहून घ्या, तुमचा जुना ड्राइव्ह १.२ चा आहे की ३६० केबीचा. ३८६ मध्ये बहुधा १.२ चाच, पण वडिलांनी आधीच्या मशीनचा काढून लावला असेल तर सांगता येत नाही. मॉडेल नंबर ड्राइव्हवर असते. डॉसचं (त्या मशीनच्या जुन्या ऑपरेटिंग सिस्टिमचं) व्हर्जनही पाहा, ३.५ च्या १.४४ ला डॉस ३.३ किंवा पुढचं लागते. बायोसमध्ये, म्हणजे त्या सेटअपमध्ये, १.४४ चा पर्यायच नसला, जसं सुरुवातीच्या २८६ मध्ये नसते, तर कॉन्फिग डॉट सिस फाइलमध्ये ड्राइव्हपार्म किंवा ड्रायव्हर डॉट सिसची ओळ टाकून, प्रकार ७ देऊन काम होते, पण कंट्रोलर कार्ड हाय डेन्सिटीचं असेल तरच. एक्सटीच्या (२८६ च्याही आधीच्या पीसीच्या) जमान्यातलं जुनं कार्ड सेकंदाला २५० किलोबिटच धावते, १.४४ ला ५०० पाहिजे, तिथं तो ड्राइव्ह ७२० केबीचाच बनून राहते. तुमचं ३८६ आहे तर ही भानगड नसावी.

सगळं लागलं, मशीन सुरू केली, ए ची लाइट एकदा चमकून विझली, मग बी ची, घर्र आवाज आला, म्हणजे झालं? नाही. एक परीक्षा बाकी आहे आणि ही कोणीच करत नाही. कामाच्या नसलेल्या दोन फ्लॉप्या घ्या, दोन्हींत वेगवेगळ्या फाइली पाहिजेत. पहिली टाका, डिर (फाइलींची यादी दाखवायची आज्ञा) करा. काढा, दुसरी टाका, परत डिर करा. दुसऱ्या फ्लॉपीची यादी आली तर ठीक. पहिल्याचीच यादी परत आली तर तिथंच थांबा, पुढं काहीच करू नका. याचा अर्थ ३४ नंबरच्या पिनेवरचा 'फ्लॉपी बदलली' हा सिग्नल येऊन नाही राहिला. पीसीचा ड्राइव्ह ३४ वर हा सिग्नल देते, पण भंगारातला ड्राइव्ह एम्ब्रॉयडरी मशीनमधून किंवा म्युझिक कीबोर्डमधून निघालेला असला तर तो ३४ वर 'रेडी' देऊ शकते, त्याचा नंबरही डीएस शून्यवर असते. डॉसला वाटते जुनीच फ्लॉपी आहे, आणि अशात तुम्ही दुसरीवर काही लिहिलं तर पहिलीच्या नकाशाप्रमाणं लिहिणार. अख्खी फ्लॉपी खराब, आणि स्क्रीनवर एकही एरर नाही! असा ड्राइव्ह निघाला तर पोटाखाली जंपर किंवा सोल्डरचे ठिपके आहेत का पाहा, असतील तर बदलता येते, नसतील तर त्याला सोडून सरळ पीसीतला दुसरा पाहा.

आता तुमच्या जुन्या ड्राइव्हकडं येतो, त्याला तुम्ही मेलेला समजून काढून ठेवलं. माझ्याकडं आपल्या भागातून 'मेलेले' म्हणून येणारे ड्राइव्ह बहुतेक नुसते मळलेले असतात. धानाचा पट्टा, राइस मिल, कोंड्याची बारीक धूळ हवेत, ती ड्राइव्हमध्ये जाऊन बसते, वरून उन्हाळ्यात रुळांवरचं ग्रीस वाळून मेणासारखं होते. हेड सरकायला गेलं की अडकते, टक टक टक आवाज येते आणि 'ड्राइव्ह नॉट रेडी'. वरचं झाकण काढा. हेड ज्या दोन दांड्यांवर सरकते त्या आयपीएनं पुसा, जुनं पिवळं ग्रीस पूर्ण निघालं पाहिजे, मग काडीच्या टोकावर मावेल इतकंच नवीन पांढरं ग्रीस. स्वयंपाकाचं किंवा शिलाई मशीनचं तेल टाकू नका, ते उडून फ्लॉपीवर जाते. मागच्या बाजूला शून्य ट्रॅकचा छोटा ऑप्टिकल सेन्सर असते, दोन काळ्या दातांमध्ये फट, तिथं फुंकणीनं हवा मारा. तिथं कचरा अडकला की ड्राइव्हला घर कुठं आहे तेच समजत नाही.

हेड पुसताना सांभाळून. खालचं हेड पक्कं असते पण वरचं एका पातळ पत्र्याच्या पानावर तरंगत असते, ते बोटानं वर ओढून धरलं आणि पान वाकलं की ड्राइव्ह खरंच मेला, मग कोणी दुरुस्त करून देणार नाही. दोन हेडच्या मधे आयपीएत भिजवलेली, धागे न सुटणाऱ्या कापडाची छोटी पट्टी सरकवा, आडवी हलकी फिरवा, काढा, काळी झाली असेल, नवीन घ्या, परत. पट्टी स्वच्छ येईपर्यंत. कापसाचा बोळा नको, त्याचा तंतू हेडला चिकटून राहते.

आणि ड्राइव्ह साफ झाला म्हणून लगेच नाटकाची फ्लॉपी टाकू नका. तुमच्याकडं पावसाचं प्रमाण जास्त, फ्लॉप्या लाकडी कपाटात इतकी वर्षं राहिल्या, बुरशी असणारच. पाकिटातून फ्लॉपी काढा, लांबट खिडकीतून दिसणारी तपकिरी पट्टी खिडकीजवळच्या उजेडात तिरपी धरा, मधल्या गोल भोकात दोन बोटं घालून हळूहळू पूर्ण फेरी फिरवा. स्वच्छ, आरशासारखी दिसली तर छान. पांढरे ठिपके, जाळी, पावडर दिसली तर ती ड्राइव्हमध्ये जाऊ नये, एक बुरशीची फ्लॉपी हेड मळवते आणि मग ते हेड पुढच्या चांगल्या फ्लॉपीला ओरखडे काढते. ठिपके आयपीएच्या कापडानं खिडकीतूनच, हलक्या हातानं, फिरवत फिरवत दोन्ही बाजूंनी पुसा आणि वाळल्यावरच टाका. वाचताना किर्र असा आवाज आला की त्याच क्षणी दांडी उघडून बाहेर काढा, हेड पुसा, ती फ्लॉपी शेवटी ठेवा.

टाकायच्या आधी प्रत्येक फ्लॉपी राइट प्रोटेक्ट करा. ५.२५ ला बाजूला चौकोनी खाच असते, ती झाकली की लिहिणं बंद. ३.५ ला बरोबर उलटं, तिथं भोक उघडं असलं की लिहिणं बंद, यात लोकांचा गोंधळ होते. खाच झाकायला काळी इलेक्ट्रिक टेप वापरा, पारदर्शक सेलोटेप नको, बऱ्याच ड्राइव्हमध्ये ती खाच उजेडाच्या सेन्सरनं पाहिली जाते, सेलोटेपमधून उजेड आरपार जाते आणि तुम्हाला वाटते आपण लॉक केलं.

हे लॉक करणं ३६० केबीच्या फ्लॉप्यांसाठी तर सोडूच नका. त्या ओळखायच्या कशा, तर बहुतेकांच्या मधल्या भोकाभोवती कडक प्लास्टिकची रिंग असते आणि लेबलवर डबल डेन्सिटी लिहिलेलं, १.२ च्या फ्लॉपीला बहुतेक रिंग नसते आणि हाय डेन्सिटी लिहिलेलं. ३६० च्या ड्राइव्हचे ४० ट्रॅक रुंद, १.२ चे ८० ट्रॅक अरुंद. १.२ चा ड्राइव्ह रुंद ट्रॅक आरामात वाचते, पण त्यावर लिहायला गेला की नांगराच्या रुंद तासात काडीनं रेघ मारल्यासारखं होते, मधली रेघ नवीन, दोन्ही कडेला जुनंच शिल्लक. पुढं ती फ्लॉपी ३६० च्या ड्राइव्हमध्ये घातली की त्याला नवं-जुनं दोन्ही एकदम ऐकू येते, आणि काहीच वाचता येत नाही. म्हणून जुन्यावर फक्त वाचायचं, एक अक्षरही लिहायचं नाही.

कॉपी करताना डिस्ककॉपी वापरू नका, ती दोन्ही बाजूला एकाच जातीची फ्लॉपी मागते. आधी हार्डडिस्कवर प्रत्येक फ्लॉपीसाठी वेगळी डिरेक्टरी करून त्यात साधं एक्सकॉपी करा, लेबलवर वडिलांच्या अक्षरात जे लिहिलं आहे, नाटकाचं नाव, कंपनी, साल, ते वहीत त्या डिरेक्टरीच्या नावापुढं लिहा, कारण डॉसमध्ये नाव आठ अक्षरांचं आणि तेही इंग्रजीत, दोन महिन्यांनी तुम्हालाच समजणार नाही कोणतं नाटक कुठं. रीड एरर आली, अबॉर्ट, रिट्राय, फेल विचारलं तर रिट्रायच द्या, दोनचार वेळा द्या, नाही झालं तर काढून हेड पुसून परत. कित्येकदा एक सेक्टर पाचव्या-सहाव्या वेळी निघून येते. आणि हे काम लाइट जाण्यायेण्याच्या वेळेला करू नका, इन्व्हर्टरवर करा. हार्डडिस्कवर आलं की तिथून ३.५ च्या फ्लॉपीवर, १.२ ची अख्खी फ्लॉपी १.४४ मध्ये मावते. ३.५ च्या फ्लॉप्या नवीन शोधत बसू नका, सोनीनं जपानमध्ये त्यांची विक्री २०११ मध्येच थांबवली, आता मिळते तो जुना साठाच, तर घरातल्या चारदोन चांगल्या फ्लॉप्या फॉरमॅट करून त्याच फिरवून वापरा. दोन भोकांची हाय डेन्सिटी पाहिजे, एक भोक असलेल्या ७२० च्या फ्लॉपीला ड्रिलनं भोक पाडून १.४४ करायचा जुना जुगाड इथं करू नका, आज लिहिते आणि उद्या वाचत नाही.

कोणी तुम्हाला गोटेक घ्या म्हणेल. म्हणजे फ्लॉपी ड्राइव्हच्या आकाराचा डबा, आत पेनड्राइव्ह लावायचा, मशीनला वाटते फ्लॉपीच आहे. चांगली वस्तू आहे, त्यात फ्लॅशफ्लॉपी नावाचं फर्मवेअर टाकलं की भारी चालते, पिळाच्या केबलवर जंपर एस१ ला ठेवायचा, पेनड्राइव्ह फॅट३२ करायचा. ३.५ च्या ड्राइव्हनं फारच त्रास दिला तर त्याच्या जागी ए म्हणून हा लावा, मी स्वतः धरमकाट्यांच्या मशीनमध्ये आता हाच लावत असतो. पण तुमची ५.२५ ची फ्लॉपी त्यात जाणार नाही, त्यामुळं जुना ड्राइव्ह साफ करण्याचं काम यानं टळत नाही.

शेवटी फाइली लॅपटॉपवर उघडल्या की सगळं कचऱ्यासारखं दिसेल, चौकोन, चिन्हं, युरोपातली अक्षरं. घाबरून फ्लॉपी खराब झाली म्हणू नका आणि फाइल डिलीट तर मुळीच करू नका. जिस्टचं तंत्र आयआयटी कानपूरला सुरू झालं आणि पुण्याच्या सी-डॅकनं पुढं नेलं, त्यात मराठी इस्की कोडमध्ये साठवली जाते, जो १९९१ मध्ये आयएस १३१९४ म्हणून मानक झाला. युनिकोडमधली देवनागरीची मांडणी इस्कीवरूनच घेतलेली आहे, म्हणून रूपांतर सोपं पडते, आयसीयू नावाच्या मोफत लायब्ररीत इस्कीमधून युनिकोड करायची सोय आहे, गावात कोणी कॉम्प्युटर शिकणारं पोरगं असेल तर त्याला एवढं नाव सांगा, तो करून देईल. मूळ फाइल तशीच ठेवायची, रूपांतर नेहमी कॉपीवर. पात्रांची नावं आणि जोडाक्षरं, 'ऱ्या'सारखी ठिकाणं, एकदा नजरेखालून घालावी लागतील, आणि ते त्या नाटकात काम केलेल्या कोणाकडून करून घेता आलं तर पाहा, त्याला संवाद पाठ असतील, कुठं शब्द सुटला ते लगेच सांगेल.